एका रात्रीचे यजमान

मराठीत ‘यजमान’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. सत्यनारायणाला सोवळे नेसून बसतो तो यजमान. ज्याच्या घरी आपण जेवायला जातो तो यजमान. आणि जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचे नाव घ्यायचे टाळून ‘आमचे यजमान’ म्हणतात, तोही यजमानच. तिन्ही अर्थांना धरून ठेवणारा धागा एकच: खर्च त्याचा असतो! पाहुण्याचे काम त्या मानाने सोपे. त्याने यावे, गूळपाणी घ्यावे, पानात पडेल ते गोड मानून जेवावे, घरातल्या मुलाच्या हुशारीचे आणि बरणीतल्या लोणच्याचे सारखेच कौतुक करावे आणि घरच्यांना कंटाळा येण्यापूर्वी वहाणा पायांत सरकवाव्यात.

पैसे मोजून पाहुणा होता येते, ही कल्पना माझ्या आजीला कोणी सांगितली असती, तर ती म्हणाली असती, “मग त्याला पाहुणा कशाला म्हणायचे? ती खाणावळ!” आजीच्या काळी ते खरेच होते. आज मात्र पाहुणचार ही रीतसर विकत मिळणारी वस्तू झाली आहे. आपल्याकडेही पौष-माघात शहरातली मंडळी मोटारी घेऊन शेतावर हुरडा खायला जातात. माणशी अमुक रुपये भरले, की बैलगाडीतली फेरी, चिंचेला टांगलेला झोका, चुलीवरची भाकरी, लसणाची चटणी आणि जमलेच तर मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव, एवढे सगळे पदरात पडते. पूर्वीचा वासुदेव पहाटे आपण होऊन दारात येई. आताचा सांगितल्या वेळी, नाश्ता आटोपल्यावर येतो. यात टिंगल करण्यासारखे मला काही दिसत नाही. शेतकऱ्याच्या हाती चार रोकडे पैसे येतात आणि भाकरी झाडाला लागत नाही, एवढे तरी शहरातल्या पोरांना कळते. पण एक प्रश्न मनात घोळत राहतोच: या व्यवहारात पाहुणा कोण आणि यजमान कोण?

या प्रश्नाचे उत्तर मला वाळवंटात मिळाले, आणि तेही एका अशा माणसाकडून की ज्याच्या भाषेत हे दोन्ही शब्द आपल्या नेमके उलटे चालतात.

गेल्या पौषात आम्ही पाच जण जैसलमेरला गेलो. आम्ही दोघे, माझी मेहुणी, साडू आणि आमची दहा वर्षांची नात. सहलीचा बेत मेहुणीचा. तिने एकदा ठरवले, की बाकीच्यांनी फक्त स्वेटर घ्यायचे असतात. “भावजी, दोन दिवस किल्ला आणि एक रात्र वाळूतल्या तंबूत,” तिने जाहीर केले, “आणि रात्री नाचगाणे. सगळे पारंपरिक!” ‘पारंपरिक’ हा शब्द तिने अशा चवीने उच्चारला, की साडूंनी घाबरून विचारले, “म्हणजे अंघोळीला गरम पाणी नाही की काय?”

जैसलमेरचा किल्ला रावळ जैसल याने ११५६ साली वसवला. पिवळ्या दगडाचा हा किल्ला उन्हे उतरू लागली की हळद लावलेल्या नवरीसारखा दिसतो. वाळवंटाच्या मध्यावर एवढे वैभव आले कुठून, असा प्रश्न पडतो. ते आले उंटांच्या पाठीवरून. सिंधकडे जाणारे तांडे या वाटेने जात आणि इथले व्यापारी त्यावर गब्बर झाले. पुढे मुंबई बंदराची भरभराट झाली, आगगाड्या आल्या, आणि माल उंटावरून उतरून जहाजात नि वाघिणीत जाऊन बसला. उरलीसुरली वाट १९४७ च्या फाळणीने बंद केली. म्हणजे या गावाचा धंदा बसवण्यात आम्हा मुंबईकरांचाही थोडा हात आहे म्हणायचा! मग १९७४ साली सत्यजित राय यांनी ‘सोनार केल्ला’ हा मुलांचा चित्रपट इथे काढला, आणि त्यातला सोन्याचा किल्ला डोळ्यांनी पाहायला बंगाली कुटुंबे येऊ लागली. त्यांच्यामागून सारा देश आला. तांडे गेले आणि प्रवासी आले. पूर्वी माल उतरत असे, आता माणसे उतरतात, एवढाच फरक.

गावापासून ४० किलोमीटरवर सम नावाचे ठिकाण आहे. तिथे वाळूच्या खऱ्याखुऱ्या टेकड्या आहेत आणि टेकड्यांच्या अलीकडे तंबूंच्या ओळीच्या ओळी. वाटेत कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे ओसाड गाव लागते. छप्पर नसलेली घरे, मोकळे अंगण, रांगेने उभ्या भिंती. ज्या गावात शेकडो वर्षे पाहुणे येऊन गेले असतील, तिथे आता कोणी “या, बसा” म्हणायला नाही. नंतर दहा-पंधरा मिनिटांत आमची गाडी तंबूंच्या फाटकाशी थांबली, आणि ढोल वाजू लागला.

स्वागत मोठे थाटाचे झाले. घागरा-ओढणीतल्या एका मुलीने औक्षण केले, कपाळी टिळा लावला. एका गृहस्थाने “पधारो सा” म्हणत साडूंच्या डोक्याला लांबच लांब कापडाचा साफा हां हां म्हणता बांधून टाकला. साडू आयुष्यभर आयुर्विम्याच्या कचेरीत काम केलेले. पण तो भगवा-पिवळा साफा चढताच त्यांची मान अशी ताठ झाली, की मेहुणीनेच पदराआड हसू लपवले. आमची सौ. मात्र हातातल्या सरबताच्या पेल्याकडे बघत हळूच म्हणाली, “अहो, यांच्यात आधी पाणी देत नाहीत का?”

प्रश्न साधा होता, पण मर्माचा होता. या मुलखात वर्षाकाठी पाऊस २० सेंटीमीटरच्या आसपास, आणि कित्येक वर्षी तेवढाही नाही. जिथे बाईमाणसांनी कोसभर चालून घागर आणायची, तिथे दारी आलेल्याला लोटाभर पाणी देणे म्हणजे आपल्या दिवसातला एक तुकडा काढून देणे. आपल्या गूळपाण्यातले पाणी आपल्याला फुकटचे वाटते. इथे गूळ एक वेळ स्वस्त पडेल. तंबूच्या मुक्कामात पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. त्या मोजक्या नव्हत्या, म्हणूनच त्यांत पाहुणचार नव्हता.

तिसऱ्या प्रहरी उंटावर बसण्याचा कार्यक्रम झाला. उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो, हे आम्ही पुस्तकात वाचलेले होते. मेहुणीने ते अनुभवाने शिकून घेतले. तिचा आवाज पार टेकडीपलीकडे गेला असेल. नात तर दर पावलाला खिदळत होती. उंटवाला पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा. त्याचा आजोबा उंटावरून लोकर आणि धान्य नेई. बाप पाणी वाही. आणि हा आता आमच्यासारख्यांना टेकडीपर्यंत नेऊन आणतो. मालमोटारी आणि ट्रॅक्टर आल्यावर उंटाला काम उरले नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात उंट ४ लाखांच्या घरात होते. २०१९ च्या गणनेत ते अडीच लाखांवर आले. राजस्थान सरकारने २०१४ साली उंटाला राज्याच्या प्राण्याचा मान दिला खरा, पण मानाने पोट कुठे भरते? आमची नात हसली, म्हणून त्या उंटाला संध्याकाळी चारा मिळाला, हा हिशेब त्या पोराने मला अगदी सरळपणे सांगितला.

रात्रीच्या जेवणात केर-सांगरीची भाजी होती. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या वाळवलेल्या शेंगा. खेजडी म्हणजे कोण, ठाऊक आहे? आपली शमी! पांडवांनी अज्ञातवासात जाताना जिच्यावर शस्त्रे ठेवली, दसऱ्याला जिची पूजा होते, गणपतीला जिची पत्री वाहतो, तीच शमी. आपण तिच्या पानांना देवाघरी ठेवले. इथल्या माणसांनी तिला स्वयंपाकघरात नेले. दुष्काळात सगळे करपते तेव्हाही ती हिरवी राहते, गुरांना पाला देते, माणसांना शेंगा देते. हे ऐकल्यावर सौ.ने पानातली भाजी अगोदर बोटाने कपाळाशी लावली आणि मग खाल्ली. वाढणारा पोऱ्या चकित होऊन पाहत राहिला.

मग शेकोटीभोवती कार्यक्रम सुरू झाला. शंभर-सव्वाशे पाहुणे गाद्यांवर लोडांना टेकून बसलेले. पहिल्यांदा कठपुतळ्या. तोंडात शिट्टी धरून बाहुल्यांना बोलते करणारा भाट आणि त्याचा अमरसिंह राठोड. मुले खूश झाली. त्यानंतर काळ्या घागऱ्यांवर आरसे आणि रंगीत फिती लावलेल्या कालबेलिया बायका आल्या, आणि त्यांच्या गिरक्यांनी शेकोटीच्या ज्वाळाही मागे पडल्या. कालबेलिया ही गारुड्यांची जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पाळायला बंदी आली, तेव्हा पुंगी हातात राहिली आणि टोपली गेली. टोपलीतला साप मग बायकांच्या अंगात शिरला म्हणा ना! गुलाबो सपेरा यांनी हा नाच जगभर नेला. २०१० साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले आणि २०१६ साली गुलाबोंना पद्मश्री मिळाली. पोटासाठी शोधलेली वाट कधी कधी अशी राजरस्त्याला जाऊन मिळते.

शेवटी मांगणियार आले. चार जण आणि एक मुलगा. हार्मोनियम, ढोलक, खडताल. आणि अगदी कडेला एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा, मांडीशी कमायचा धरून. हे वाद्य सारंगीच्या कुळातले. आंब्याच्या लाकडात कोरलेले परातीएवढे गोल पोट, त्यावर बकऱ्याचे कातडे, वर तारा १७. त्यांतल्या मुख्य तारा आतड्याच्या, बाकीच्या धातूच्या. आंबा जिथे रुजत नाही तिथे आंब्याचे वाद्य, याचे मला, कोकणच्या माणसाला, फार अप्रूप वाटले. पण त्याचा आवाज मात्र आम्हाला ऐकू येईना. ध्वनिक्षेपक हार्मोनियमपुढे होता.

पहिले गाणे झाले ते ‘केसरिया बालम’. ते व्हायलाच हवे. मग मागून फर्माइशी सुरू झाल्या. कोणी हे सिनेमातले गाणे मागितले, कोणी ते. व्यवस्थापकाने गाणाऱ्यांकडे पाहून मान हलवली आणि गाणाऱ्यांनी तीही गायली, बिनतक्रार. पाहुणे नाचले. खडताल वाजवणारा तो बारा-तेरा वर्षांचा मुलगा गुडघ्यांवर येऊन लाकडी पट्ट्यांचा असा कडकडाट करी, की टाळ्या थांबत नसत आणि त्याच्यापुढे नोटा पडत. म्हातारा गज फिरवीतच होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, आणि तोही कोणाकडे पाहत नव्हता.

मध्येच, फर्माइशींना जरा खळ पडला तेव्हा, त्यांनी ‘हिचकी’ म्हटली. हिचकी म्हणजे उचकी. दूरदेशी गेलेला माणूस आठवण काढतो, म्हणून घरी तिला उचकी लागते, असे ते गाणे. पहिल्या दोन ओळींतच आमची सौ. सावरून बसली. तिला मारवाडी येत नाही. पण उचकी लागली की “कोण गं आठवण काढतंय?” म्हणून माहेरच्या माणसांची नावे एकेक करून घ्यायची आणि ज्या नावाला ती थांबेल त्याने आठवण काढली असे समजायचे, हा खेळ तिच्या आईने तिला शिकवलेला. मेहुणीचेही डोळे भरले. दोघी बहिणी वाळवंटातल्या त्या थंडीत, एका शालीत, आपल्या गेलेल्या आईची आठवण काढीत बसल्या. गाणे संपले, आणि पाठीमागून पुन्हा कोणीतरी सिनेमातले गाणे मागितले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे फिरायला निघालो. तंबूंवर दव पडले होते. स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूने घुमणारा, खोल, जुन्या विहिरीतून यावा तसा सूर ऐकू आला. तो म्हातारा गावी जाणाऱ्या गाडीची वाट पाहत कमायचा लावीत बसला होता. शेजारी तो खडतालवाला मुलगा, त्याचा नातू, हातातल्या मोबाइलमध्ये डोके घालून. आम्ही वाळूतच बसकण मारली. मग नात आली, साडू-मेहुणी आली. पाच श्रोत्यांची मैफल जमली, आणि ध्वनिक्षेपक नसल्यामुळे सगळे ऐकू आले.

बोलता बोलता तो मला ‘जजमान’ म्हणाला. मी म्हटले, “खाँसाहेब, यजमान तर तुम्ही. आम्ही इथले पाहुणे.”

तो हसला. “नाही हुकम. तुम्ही तंबूवाल्यांचे पाहुणे. आमचे तुम्ही जजमान. ज्याच्या घरची भाकरी आम्ही गाऊन खातो, तो आमचा जजमान.”

मग त्याने सगळी घडी उलगडून सांगितली. मांगणियार म्हणजे मागणारे. जैसलमेर-बाडमेरकडची ही मुसलमान गायकांची जात. त्यांना मिरासीही म्हणतात. मिरासी या शब्दात आपल्या मिरासदारांचीच मिरास आहे, म्हणजे पिढीजात हक्क. यांच्या घराण्यांचे जजमान बहुतेक राजपूत. मूल जन्मले की यांनी यायचे, लग्न निघाले की यांनी यायचे, आणि जजमानाच्या वाडवडिलांची नावे गुंफून त्याची शुभराज, म्हणजे कीर्ती, गायची. घराण्याची वंशावळ यांच्या तोंडी. आपल्याकडे हेळवी बैलावर बसून येतात आणि कुणब्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, तसेच हे. जजमानाने त्या बदल्यात धान्य द्यायचे, गाय-बकरी द्यायची, कापड द्यायचे आणि यांच्या मुलीच्या लग्नात उभे राहायचे. गाणारे मुसलमान, गाणी कृष्णाची आणि देवीची, घर रजपुताचे. आणि यात काही विशेष आहे, असे त्या तिघांपैकी कोणालाच वाटलेले नाही.

“आणि जजमान कंजूष निघाला तर?” साडूंनी विम्याच्या कचेरीतला प्रश्न विचारला.

“तर आम्ही त्याला सोडचिठ्ठी देतो,” म्हातारा गंभीरपणे म्हणाला. “त्याचे नाव गायचे बंद. मग त्याच्या घरी लग्न झाले तरी झाल्यासारखे वाटत नाही.”

केवढा हा हक्क! मागणाऱ्याच्या हाती देणाऱ्याची अब्रू. मी मनाशी म्हटले, रात्रीच्या शंभर-सव्वाशे जजमानांना या माणसाने सोडचिठ्ठी द्यावी तरी कशी? त्यांची नावेच त्याला ठाऊक नाहीत. ते रात्री दहाला उठले आणि सकाळी दहाला निघून गेले. त्यांनी पैसे दिले ते मुक्कामाच्या कचेरीत. त्यातला गाण्याचा वाटा किती, हे त्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही वाटली नाही.

“तंबूंनी आमचे वाईट केलेले नाही,” तो आपण होऊन म्हणाला. “ऑक्टोबर ते मार्च रोज चूल पेटते. पण २०२० साली महामारी आली, तंबू गुंडाळले गेले, आणि कोणी विचारले नाही. कोण विचारणार? त्या उन्हाळ्यात गावातल्या जुन्या जजमानाच्या घरून बाजरीचे पोते आले. त्याचा मुलगा जोधपूरला नोकरी करतो, शेती मोडकळीला आली आहे. तरी पोते आले.”

त्याने हे तक्रार म्हणून सांगितले नाही, की उपदेश म्हणूनही नाही. हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे सांगितले. पण माझ्या आजीच्या खाणावळीचा आणि पाहुणचाराचा फरक त्या एका पोत्यात भरलेला होता. पैसे देऊन संपते ते गिऱ्हाईकपण. पैसे दिल्यावरही जे उरते, त्याला यजमानपण म्हणायचे.

मी नातवाकडे बोट करून विचारले, “हा कमायचा शिकतो का?”

म्हातारा क्षणभर गप्प राहिला. “खडताल दिसते, हुकम. कमायचा ऐकावा लागतो. हा पोरगा शहाणा आहे. जे दिसते त्याच्यापुढे नोटा पडतात, हे त्याला कळते.”

यावर बोलण्यासारखे काय होते? कमायच्याचे फार मोठे वादक साकर खाँ याच जिल्ह्यातल्या हमीरा गावचे. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० साली बोरुंदा गावी रूपायन संस्था काढली. कोठारींनी या लोकांची गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांना गावच्या ओसरीतून मोठ्या रंगमंचांवर नेले. २००४ साली तेही गेले. गाणी फितींवर आहेत, हे खरे. पण फितीला नातू नसतो.

तेवढ्यात आमची नात त्या मुलाजवळ सरकली. मुलांना मोठ्यांचे सांस्कृतिक प्रश्न ठाऊक नसतात. तिने सरळ विचारले, “तुला हे येतं का रे?” तो लाजला. मग मोबाइल खिशात टाकून त्याने आजोबांच्या हातून गज घेतला आणि रात्रीच्या ‘हिचकी’ची सुरुवात वाजवली. एका जागी सूर घसरला. म्हाताऱ्याने तोंडाने काही म्हटले नाही, नुसती मान तिरकी केली. पोराने ती जागा पुन्हा घेतली. या वेळी ती बरोबर लागली असावी, कारण म्हाताऱ्याने डोळे मिटले. एवढे दोन-तीन मिनिटांचे ते वाजवणे. पण ते ऐकायला कोणी बसले आहे, हे त्या मुलाच्या लक्षात आल्याचे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते.

सौ.ने पैसे पुढे केले. म्हाताऱ्याने ते संकोच न करता, दोन्ही हातांनी घेतले. मागणे हा ज्याचा हक्क, तो घेताना ओशाळत नाही. मग म्हणाला, “आता नाव सांगा. वडिलांचे, आजोबांचे, त्यांच्या वडिलांचे. शुभराज म्हणतो.” मी माझे धरून चार नावे सांगितली आणि थांबलो. तो वाट पाहत राहिला. “आणखी?” आणखी मला येत नव्हती. “सात तरी पाहिजेत, हुकम. चारांवर शुभराज बसत नाही. पुढच्या वेळी घेऊन या.” गाडी आली. कमायचा कापडात गुंडाळून आजा-नातू निघून गेले.

लोक मला विचारतात, “ते वाळवंटातले पारंपरिक कार्यक्रम खरे असतात की नुसता देखावा?” मी सांगतो, गाणारे खरे असतात, गाणीही खरी असतात, यजमान कितपत खरे, ते आपले आपण पाहावे. जाल तेव्हा अवश्य जा. सिनेमातली गाणी घरीही ऐकता येतात. तिथे त्यांची म्हणून जी गाणी आहेत ती मागा. कडेला बसलेल्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसा. नाव विचारा, आपले सांगा. आणि जमलेच, तर दुसऱ्यांदा जा. एका रात्रीचा यजमान दुसऱ्या खेपेला ओळखीचा होतो.

परत आल्यावर मी चुलतभावाला पत्र टाकले; त्याच्याकडून पाचवे नाव आले. चैत्रात आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो. तिथे तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वंशावळींच्या जुन्या वह्या आहेत. लाल कापडात बांधलेल्या वहीत, मोडी अक्षरात, आमच्या घराण्याचे पान निघाले, आणि सहावे नि सातवे नाव मिळाले. माझ्यापर्यंतची ती सात नावे एका जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली आहेत. मध्यंतरी पाहतो, तर नातीने त्याखाली आपल्या बाबांचे नाव लिहिले आहे आणि त्याखाली आपले स्वतःचे. मुलींची नावे वंशावळीत घालीत नाहीत, हे तिला कोणी सांगितलेले नाही. मीही सांगणार नाही. येत्या पौषात पुन्हा निघायचे आहे. नऊ नावे शुभराजात कशी बसवायची, ते खाँसाहेब बघून घेतील.